चालू हंगामातलं ॲनिमे: आठवड्याला एक भाग कसा बघावा, त्यावर काय लिहावं

डोरेमॉन आणि शिनचॅन हिंदीत बघत मोठी झालेली एक अख्खी पिढी महाराष्ट्रात आहे. त्यातल्या अनेकांनी पुढे ‘डेथ नोट’ किंवा ‘अटॅक ऑन टायटन’ सलग बसून संपवलं. आता त्यांना जे ॲनिमे (जपानी ॲनिमेशन मालिका) जपानमध्ये या आठवड्यात लागतंय ते याच आठवड्यात बघायचंय, आणि जमलं तर त्याबद्दल चार ओळी लिहायच्याही आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

संपलेल्या मालिकेवर लिहिताना शेवट आपल्या हातात असतो. चालू मालिकेचं तसं नसतं. पुढे काय होणार हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसतं आणि वाचणाऱ्यालाही. कित्येकदा तर शेवटचे भाग स्टुडिओत अजून पुरे झालेलेच नसतात. म्हणून चालू मालिकेवरच्या टिपणात निकाल देण्याची घाई करायची नाही. या भागात आपण नेमकं काय पाहिलं, ऐकलं आणि त्याने आपलं मत कुठे हललं, ते नोंदवायचं. एवढं पक्कं धरलं की बाकीचं सवयीने येतं.

१. आधी हंगाम समजून घ्या

जपानी दूरदर्शनवर ॲनिमेचे चार हंगाम असतात: जानेवारीत हिवाळी, एप्रिलमध्ये वसंत, जुलैमध्ये उन्हाळी आणि ऑक्टोबरमध्ये शरद. एका हंगामात साधारण १२ किंवा १३ आठवडे बसतात, म्हणजे तेवढेच भाग. या तीन महिन्यांच्या तुकड्याला चाहते ‘कूर’ म्हणतात. एखादी मालिका एका कूरची असते, एखादी सलग दोन कूरची. कधी एक कूर दाखवून, मध्ये एक हंगाम सोडून, दुसरा दाखवतात. ‘स्पाय फॅमिली’चं पहिलं पर्व असंच एप्रिल आणि ऑक्टोबर २०२२ असं दोन तुकड्यांत आलं. वर्षानुवर्षं न थांबता चालणाऱ्या मालिका आता फार थोड्या उरल्यात. १९९९ पासून जवळजवळ अखंड चाललेल्या ‘वन पीस’नेही २०२६ पासून वर्षाला जास्तीत जास्त दोन कूर दाखवायचं ठरवलं आहे.

याचा उपयोग काय? मालिका किती भागांची आहे हे आधी ठाऊक असलं की सहाव्या भागाकडून काय अपेक्षा ठेवायची हे कळतं. बारा भागांच्या मालिकेत सहावा भाग म्हणजे निम्मी गोष्ट झाली. अठ्ठावीस भागांच्या मालिकेत पात्रं तेव्हा कुठे एकत्र जमत असतात. ॲनीलिस्ट, मायॲनिमेलिस्ट आणि लाइव्हचार्ट या ठिकाणी येत्या हंगामाची यादी भागांच्या संख्येसह मिळते. यातल्या एका ठिकाणी खातं उघडा आणि तिथेच नोंदी ठेवा. तीन ठिकाणी ठेवल्यात तर एकही धड राहणार नाही.

२. जपानी घड्याळ

मोठ्यांसाठीचं बहुतेक ॲनिमे जपानमध्ये रात्री उशिरा लागतं, आणि तिथली वेळापत्रकं मध्यरात्रीनंतरचे तासही आदल्याच दिवसात मोजतात. ‘शनिवार २५:००’ असं छापलेलं असेल तर त्याचा अर्थ रविवारी पहाटे एक. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे, म्हणून तो भाग भारतात शनिवारी रात्री साडेनऊला येतो. रीत सोपी आहे: छापलेल्या आकड्यातून साडेतीन वजा करा, वार तोच ठेवा. २३:०० म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात, २५:३० म्हणजे रात्रीचे दहा. जपानमध्ये ज्यासाठी जागावं लागतं ते आपल्याकडे ऐन जेवणाच्या वेळी येतं, हे आपलं मोठं सुख आहे.

भारत आणि जपान दोन्हीकडे उन्हाळ्यात घड्याळ पुढे करायची पद्धत नाही, त्यामुळे हा फरक वर्षभर कायम राहतो. लंडन किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्यांना मात्र वर्षातून दोनदा एक तास सरकवावा लागतो. शुक्रवारी २३:०० चा भाग न्यू जर्सीत हिवाळ्यात सकाळी नऊला येतो, उन्हाळ्यात दहाला.

काही मालिका प्रसारणाच्याच क्षणी ऑनलाइन येतात, काही अर्ध्या तासाने, काही त्याहून उशिरा. पहिल्या दोन आठवड्यांत आपल्या मालिकेची वेळ लक्षात येते.

३. बघायचं कुठे

भारतात क्रंचीरोलवर चालू मालिका सर्वांत जास्त. काही नेटफ्लिक्सवर, काही प्राइम व्हिडिओवर. यूट्यूबवर म्यूझ इंडियासारख्या परवानाधारक वाहिन्या काही मालिका मोफत दाखवतात, विद्यार्थ्यांनी तिथूनच सुरुवात करावी. चोरून चढवलेल्या प्रती टाळा. त्यांची सबटायटल अनेकदा घाईत केलेली असतात, आणि चुकीच्या संवादावर आधारलेलं आपलं मतही चुकतं.

सब की डब या वादात मी पडत नाही. एवढंच लक्षात ठेवा की हिंदी डब बहुधा मूळ भागाच्या काही आठवडे मागून येतो. ‘सोलो लेव्हलिंग’सारख्या मोठ्या मालिका हिंदी, तमिळ आणि तेलुगूत आल्या आहेत आणि घरच्यांबरोबर बघायला त्या उत्तम. पण चर्चेसोबत चालायचं असेल तर सबटायटल वाचायची सवय करावी लागते.

४. निवड: दिग्दर्शकाचं नाव आधी बघा

एका हंगामात डझनावारी मालिका सुरू होतात. नवख्याने पाच-सहांचे पहिले भाग बघावेत आणि शेवटी दोन-तीनच पुढे न्याव्यात. जास्त घेतल्या तर लिहायला वेळ उरत नाही, नुसतं बघणं होतं.

निवडताना बहुतेक जण स्टुडिओचं नाव बघतात. स्टुडिओपेक्षा माणसं बघा. जपानमधले बरेच ॲनिमेटर एका स्टुडिओत कायमचे नोकरीला नसतात, कामागणिक इकडून तिकडे जातात. ‘वन पंच मॅन’चं २०१५ चं पहिलं पर्व मॅडहाउसमध्ये, शिंगो नात्सुमे यांच्या दिग्दर्शनाखाली झालं आणि त्यांच्यासाठी उत्तमोत्तम ॲनिमेटर बाहेरून आले. २०१९ च्या दुसऱ्या पर्वात स्टुडिओ बदलला, दिग्दर्शकही बदलला, आणि फरक पहिल्याच मारामारीत जाणवला. गोष्ट तीच, पात्रं तीच, पण हात वेगळे होते.

याची उजळ बाजू दाखवणारं उदाहरण केइइचिरो साइतो यांचं. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांनी क्लोव्हरवर्क्समध्ये ‘बोची द रॉक’ केलं. लाजाळू मुलीची बँडची गोष्ट, चौकटी-चौकटींच्या विनोदी मांगावरून (जपानी चित्रकथेवरून) घेतलेली, आणि त्यात चित्रशैली मध्येच मोडून प्रत्यक्ष चित्रीकरणाचे तुकडे वापरण्यापर्यंत धाडस. बरोबर एका वर्षाने त्यांनीच मॅडहाउसमध्ये ‘फ्रीरेन’ केलं: संथ, शांत, जिथे वारा आणि गवत यांनाही वेळ दिला आहे. स्टुडिओच्या नावावरून या दोन्हींचा संबंध कुणाला लागला नसता. दिग्दर्शकाच्या नावावरून लागतो, आणि एकदा लागला की दोन्हीकडे एक समान धागा दिसतो: एकट्या राहणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरचा अगदी बारीक बदल पकडण्याची हातोटी.

क्योतो ॲनिमेशनचं मात्र वेगळं. ते आपली माणसं स्वतः शिकवून, नोकरीवर ठेवून काम करतात, म्हणून तिथे स्टुडिओचं नाव पुरेसं बोलतं.

दुसरी गोष्ट मूळ साहित्याची. मांगा, लाइट नॉव्हेल (तरुणांसाठीची हलकीफुलकी कादंबरी), व्हिडिओ गेम की थेट ॲनिमेसाठीच रचलेली गोष्ट? शेवटच्या प्रकाराला ‘ओरिजिनल’ म्हणतात. आठवड्याला एक भाग बघण्याचा खरा आनंद मला ओरिजिनलमध्ये मिळतो, कारण पुढचं कुणीच वाचलेलं नसतं. टोकियोतला प्रेक्षक आणि सांगलीतला प्रेक्षक एकाच पानावर असतात. दर हंगामात निदान एक ओरिजिनल घ्याच.

५. पहिले तीन भाग

‘तीन भागांचा नियम’ चाहत्यांमध्ये जुना आहे: तीन भाग बघितल्याशिवाय मालिका सोडायची नाही. त्याला बळ मिळालं ते ‘मादोका मॅजिका’मुळे. जानेवारी २०११ मध्ये ती सुरू झाली तेव्हा गोड मुलींची जादूची गोष्ट वाटत होती, आणि तिसऱ्या भागाच्या शेवटी तिने आपला खरा चेहरा दाखवला. काय होतं ते इथे सांगत नाही. ज्यांनी बघितलं नाही त्यांनी कुठेही न वाचता बघावं.

हा नियम मला पटतो, पण त्याचं कारण कथेपेक्षा कारखान्यात आहे. पहिल्या भागाला सर्वांत जास्त वेळ मिळतो आणि सर्वांत अनुभवी हात मिळतात. स्टोरीबोर्ड, म्हणजे दृश्यांचा चित्रांतला आराखडा, अनेकदा खुद्द दिग्दर्शकाचा असतो. दुसऱ्या-तिसऱ्या भागापासून स्टोरीबोर्ड, भागाचा दिग्दर्शक, ॲनिमेशन दिग्दर्शक (ॲनिमेटरांची चित्रं तपासून सुधारणारा) अशी सगळी फळी बदलते. मालिकेची रोजची चाल कशी असणार हे तिथे कळतं. ‘उझुमाकी’ २०१९ मध्ये जाहीर झालं आणि २०२४ मध्ये दिसलं. कृष्णधवल पहिल्या भागाने सगळ्यांना खिळवून ठेवलं, आणि दुसऱ्या भागात चित्रांचा दर्जा इतका घसरला की जगभर त्याचीच चर्चा झाली. ज्यांनी पहिल्या भागावरच ‘वर्षातलं सर्वोत्तम’ असं लिहून टाकलं होतं त्यांचं लिखाण आठवड्यात शिळं झालं.

उलटही घडतं. काही मालिकांना स्वतःची चाल सापडायला वेळ लागतो, आणि कधी निर्मातेच हे ओळखून वेगळा मार्ग काढतात. ‘फ्रीरेन’चे पहिले चार भाग २९ सप्टेंबर २०२३ ला निप्पोन टीव्हीच्या शुक्रवारच्या चित्रपटांच्या वेळेत, दोन तास सलग दाखवले गेले. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. राक्षसांच्या राजाला मारून वीरांची टोळी घरी परततेय, इथून ती गोष्ट सुरू होते. हजार वर्षांहून जास्त जगणाऱ्या फ्रीरेनला दहा वर्षांचा प्रवास क्षणासारखा वाटतो. पन्नास वर्षं डोळ्यांदेखत सरतात, सोबती म्हातारा होऊन जातो, आणि त्याच्या अंत्यविधीत तिला कळतं की आपण त्याला ओळखून घेतलंच नाही. हे सगळं पहिल्याच भागात. एवढाच भाग बघून थांबलो असतो तर ही शोकाची गोष्ट आहे असं वाटलं असतं. चौथ्या भागापर्यंत शिष्या आलेली असते, जायचं ठिकाण ठरलेलं असतं, आणि ही वाट चालत राहण्याची गोष्ट आहे हे मनात बसतं.

म्हणून माझा सल्ला असा: पहिल्या भागावर लिहा जरूर, पण त्यात फक्त सुरुवात कशी केली एवढंच लिहा. मालिका कशी आहे हे तिसऱ्या भागानंतर.

६. बघताना लक्ष कुठे द्यायचं

अर्ध्या तासाच्या प्रसारणात भाग साधारण २४ मिनिटांचा असतो. त्यातलं दीड मिनिट ओपनिंग (सुरुवातीचं गाणं), दीड मिनिट एंडिंग (शेवटचं गाणं). गोष्टीला उरतात वीस-एकवीस मिनिटं. त्यामुळे ज्या दृश्याला तब्बल दोन मिनिटं दिली आहेत ते दिग्दर्शकाला महत्त्वाचं वाटलंय, हे समजून चाला. घड्याळाकडे एक नजर टाकण्याची सवय लावा. भाग लांबल्यासारखा का वाटला, याचं उत्तर बऱ्याचदा तिथे सापडतं.

पहिल्यांदा बघताना नुसतं बघा. लिहायचं असेल तर दुसऱ्यांदा बघा, आणि तेव्हा एकाच गोष्टीकडे लक्ष ठेवा. एका आठवड्यात आवाज ऐका: ‘फ्रीरेन’ची फ्रीरेन आणि ‘स्पाय फॅमिली’ची चिमुरडी आन्या, दोघींचा आवाज आत्सुमी तानेझाकी यांचा आहे. २०२३ च्या ऑक्टोबर हंगामात दोन्ही मालिका एकाच वेळी चालू होत्या. एक आवाज सहस्रक पाहिलेल्या जादूगारिणीचा, दुसरा शाळकरी पोरीचा, लागोपाठच्या दोन रात्री! सेइयू, म्हणजे पात्रांना आवाज देणारे कलाकार, काय कसबाची माणसं असतात हे तेव्हा कानाला पटतं. पुढच्या आठवड्यात पार्श्वसंगीत ऐका, आणि मुख्य म्हणजे ते कुठे थांबतं ते ऐका. त्यानंतर प्रकाश, मग पात्रांचे हात.

एंडिंगला उठून जाऊ नका. श्रेयनामावलीत प्रत्येक भागाचा स्टोरीबोर्ड कुणाचा, भाग कुणी दिग्दर्शित केला, ॲनिमेशन दिग्दर्शक किती हे लिहिलेलं असतं. जपानी वाचता येत नसेल तर फोनच्या कॅमेऱ्यातून भाषांतर होतं. ॲनिमेशन दिग्दर्शकांची नावं एक-दोनवरून अचानक दहा-बारावर गेली असतील तर वेळापत्रक ताणलं गेल्याची ती खूण असू शकते. चित्र दिसायला ठीकच असेल, पण पुढच्या भागांबद्दल सावध राहावं.

ही कामं नेमकी कशी चालतात हे समजून घ्यायचं असेल तर पी. ए. वर्क्सची ‘शिरोबाको’ बघा. ऑक्टोबर २०१४ ते मार्च २०१५ मध्ये आलेली ही २४ भागांची मालिका ॲनिमे बनवणाऱ्यांवरच आहे. स्टोरीबोर्ड उशिरा आला की पुढच्या प्रत्येक टेबलावर काय होतं, हे तिच्यातून जितकं कळतं तितकं कुठल्याही लेखातून कळत नाही, या लेखातूनही नाही.

७. टिपण कसं लिहायचं

सर्वांत महत्त्वाचा नियम: दुसऱ्यांचं वाचण्याआधी लिहा. भाग संपल्यावर ताबडतोब, चहा टाकायच्याही आधी, पाच ओळी. एकदा का इतरांची मतं वाचली की आपल्याला काय वाटलं होतं ते पुन्हा सापडत नाही.

टिपणावर मालिकेचं नाव, भागाचा क्रमांक आणि तारीख घाला. मग तीन गोष्टी: मनात राहिलेलं एक दृश्य, ते कसं घडवलंय याबद्दल एक निरीक्षण, आणि पुढच्या आठवड्यासाठी एक प्रश्न. कथेचा सारांश लिहू नका. वाचणाऱ्याने भाग बघितलेला असतो किंवा बघायचा असतो, आणि दोघांनाही सारांश नको असतो.

‘ॲनिमेशन भारी आहे’, ‘भावुक केलं’, ‘पीक फिक्शन’ ही वाक्यं खोडा. ती खोटी असतात असं नाही, पण ती कुठल्याही मालिकेला चालतात. तुमचं वाक्य फक्त या भागाला चालायला हवं. ‘बोची द रॉक’च्या पहिल्या भागाचं माझं टिपण नमुन्यादाखल देते:

‘हितोरी गोतो तीन वर्षं रोज सहा-सहा तास कपाटात बसून गिटार वाजवते. एकटी असताना तिचा हात सफाईने चालतो. टोकियोतल्या शिमोकिताझावातल्या त्या तळघरात बँडमधल्या दोघींबरोबर सराव करताना मात्र ती तालात बसत नाही, कारण दुसऱ्याकडे बघून वाजवायची तिला सवयच नाही. चेहरा दाखवायचं धाडस होत नाही म्हणून शेवटी ती पिकलेल्या आंब्यांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात शिरून मंचावर वाजवते. आपल्याकडे घरोघरी आंब्यांची खोकी येतात, म्हणून मला ते चित्र लगेच जवळचं वाटलं. पण दिग्दर्शकाने ते केवळ हसण्यासाठी ठेवलेलं नाही. कपाटातून निघालेली मुलगी खोक्यात बसते, पण या खोक्याच्या बाहेर दोन माणसं आहेत. प्रश्न: खोकं कुणी काढेल, की ती स्वतः काढेल?’

यात स्तुतीचा एकही शब्द नाही, तरी मला भाग आवडला हे कळतं. नापसंतीही अशीच लिहावी. ‘बोअर’ असं न लिहिता, कुठल्या संवादानंतर लक्ष उडालं ते लिहा. त्या भागावर मेहनत केलेल्या माणसांचा तेवढा मान राखलाच पाहिजे.

मराठीत लिहा. ॲनिमेवर इंग्रजीत डोंगराएवढं लिहिलं जातं, त्यात आणखी एक टिपण हरवून जाईल. मराठीत कमी लिहिलं जातं, म्हणून तुमचं वाचलं जाईल. कूर, सेइयू, ओपनिंग, स्टोरीबोर्ड हे शब्द तसेच ठेवा. ते आता आपल्या बोलण्यात रुळलेत. नावांचं लेखन मात्र एकदा ठरवून शेवटपर्यंत तेच पाळा.

दहापैकी गुण द्यायचे तर चालू मालिकेला देऊ नका, किंवा दिलेत तर ते तात्पुरते आहेत असं समजा. चालू असताना सरासरी गुण चढे असतात, कारण ज्यांना आवडत नाही ते मालिका सोडून जातात आणि मागे चाहतेच उरतात. ‘फ्रीरेन’ला मायॲनिमेलिस्टवर वरचा क्रमांक मिळाला याचा मला मनापासून आनंद झाला, पण त्या आकड्यातून मालिका कशी आहे ते काहीच कळत नाही.

८. मधले आठवडे

पाचव्या ते आठव्या भागादरम्यान उत्साह ओसरतो. इथेच सवय टिकवायची असते. वेळ नसेल तर दोन ओळी लिहा, पण त्याच आठवड्यात लिहा.

मध्येच एखाद्या आठवड्यात भाग येत नाही. नववर्षाची सुट्टी, खेळांचं प्रक्षेपण ही साधी कारणं. कधी नव्या भागाऐवजी आधीच्या भागांची उजळणी दाखवतात. ‘वंडर एग प्रायॉरिटी’त २०२१ मध्ये आठवा भाग असा उजळणीचा निघाला आणि गोष्टीचा शेवट बारा भागांत मावला नाही, तो जूनमध्ये खास भागात दाखवावा लागला. काही वेळा कारण स्टुडिओच्या भिंतींपलीकडचं असतं. मार्च २०११ च्या भूकंपानंतर ‘मादोका’चे शेवटचे दोन भाग थांबले आणि एप्रिलमध्ये लागले. २०२० मध्ये कोरोनामुळे ‘रे:झिरो’चं दुसरं पर्व एप्रिलवरून जुलैवर गेलं. भाग पुढे ढकलला म्हणून ॲनिमेटरांवर चिडू नका. घाईने काढलेल्या भागापेक्षा उशिरा आलेला भाग केव्हाही चांगला.

स्पॉयलरबद्दल, म्हणजे पुढचं आधीच फोडण्याबद्दल, मी कडक आहे. मांगा वाचलेल्यांनी चालू ॲनिमेच्या चर्चेत ‘थांबा, पुढे बघा काय होतं ते’ एवढंही म्हणू नये. त्या एका वाक्याने पुढे काहीतरी आहे हे कळतं आणि समोरच्याचा आठवडा बिघडतो. तुमच्या व्हॉट्सॲप गटात एक नियम करा: भाग आल्यापासून दोन दिवस त्यावर उघड बोलायचं नाही. शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला सगळेच मोकळे नसतात. कुणी दुकानात असतं, कुणी लोकलमध्ये.

मालिका सोडावीशी वाटली तर सोडा. फक्त कितव्या भागाला आणि का सोडली, ही एक ओळ लिहून ठेवा. वर्षभराने या ओळी एकत्र वाचल्या की आपल्याला काय खपत नाही ते स्वच्छ दिसतं, आणि पुढच्या हंगामाची निवड सोपी होते.

९. शेवटचा भाग

बाराव्या भागात गोष्ट संपेलच असं नाही. ॲनिमेचा खर्च बहुधा एक निर्मिती समिती उचलते. तीत प्रकाशक, टीव्ही वाहिनी, संगीत कंपनी असे अनेक भागीदार असतात. प्रकाशकाला मांगा खपायला हवा असतो, संगीत कंपनीला ओपनिंगचं गाणं. गोष्ट पूर्ण करण्याची जबाबदारी मुळात मांगावर असते, त्यामुळे ॲनिमे अर्ध्या वाटेवर थांबतं. ‘दान्दादान’चं पहिलं पर्व डिसेंबर २०२४ मध्ये ऐन प्रसंगाच्या मध्यावर तोडलं, आणि पुढचं जुलै २०२५ मध्ये आलं. अशा वेळी शेवट वाईट होता असं लिहिण्याऐवजी, पर्व कुठे तोडलं आणि तिथे तोडल्याने या बारा भागांना आपला असा आकार मिळाला की नाही, ते लिहा.

शेवटचं टिपण लिहिण्याआधी आपली सगळी जुनी टिपणं क्रमाने वाचून काढा. विचारलेल्या प्रश्नांपैकी किती सुटले ते बघा. जिथे मत बदललं तिथे जुनं टिपण दुरुस्त करू नका, तसंच राहू द्या, आणि नव्या टिपणात बदल का झाला ते सांगा. एखाद्या पात्राबद्दल दुसऱ्या भागात एक वाटणं आणि दहाव्या भागात दुसरंच वाटणं, हे कित्येकदा लेखकाने आणि दिग्दर्शकाने मुद्दाम घडवलेलं असतं. ते कुठल्या भागात वळलं हे तारखेनिशी दाखवता येणं, ही एका रात्रीत सगळं बघणाऱ्याला न मिळणारी गोष्ट आहे.

त्यानंतर काही दिवस काढून आवडता एखादा भाग पुन्हा बघा, यावेळी ओपनिंगपासून. ओपनिंगमध्ये अनेकदा पुढच्या घटना लपवून ठेवलेल्या असतात, आणि पहिल्या आठवड्यात निरर्थक वाटलेली चित्रं आता ओळखू येतात. दोन कूरच्या मालिकेत मध्यावर गाणं बदलतं. ‘फ्रीरेन’मध्ये सुरुवातीला योआसोबी या संगीतजोडीचं गाणं होतं, जानेवारी २०२४ पासून योरुशिका या दुसऱ्या जोडीचं आलं. दोन्ही लागोपाठ बघितली तर मालिका कुठून कुठे गेली ते कळतं.

आणि शेवटच्या भागाची श्रेयनामावली संपली तरी लगेच खिडकी बंद करू नका. पुढच्या पर्वाची घोषणा बऱ्याचदा त्यानंतरच्या काही सेकंदांत येते.